टाकीला सुटलेला घाम

एक कोडं सोडवा. बोटीचं इंजिन धक्क्याला बांधलेलं असताना तासभर चालतं, एकदाही खोकत नाही. तीच बोट खाडीच्या मुखाशी लाटांत शिरते आणि इंजिन बंद पडतं. तिला ओढून परत धक्क्याला आणलं आणि तेलाच्या नळ्या साफ करून पुन्हा भरल्या, की तेच इंजिन शहाण्यासारखं चालू. मग बिघाड नेमका कुठे आहे?

वेळाशी या आमच्या बंदरातल्या मोठ्या माणसांनी या कोड्याचं उत्तर पाच मिनिटांत काढलं. बिघाड माझ्या आत्येत आहे, असं ते म्हणाले.

आजही हे लिहिताना माझे कान तापतात. माझं नाव तनया मेतर, सातवीत आहे. माझी सुगंधा आते ही 'गजगौरी' बोटीची इंजिन ड्रायव्हर. बत्तीस बोटींच्या या बंदरात ती एकटीच बाई ड्रायव्हर आहे आणि सहा वर्षं तिने ते इंजिन सांभाळलंय. नारळी पौर्णिमा झाली, दर्यात नारळ पडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गजगौरी मोसमातल्या पहिल्या फेरीला निघाली. मुखाशी लाटा उसळत होत्या, तिथेच इंजिन बंद पडलं. बोट वाळूच्या दांड्यावर आपटली आणि बाबी खलाशाचा हात मोडला. आणखी दोन लाटा आल्या असत्या तर बोटीवरची पाचही माणसं पाण्यात असती.

बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, विसाजीकाका. बोट ओढून आणल्यावर ते धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "बायलमाणसाच्या हातात इंजिन दिलंव, तेचां ह्यां फळ."

त्यांच्या जोडीला कुर्ली होतीच. कुर्ली म्हणजे बंदराचा तपासणी यंत्रमानव. तिला सहा पाय आणि दोन चिमटे आहेत आणि ती तिरपी चालते, म्हणून आम्ही पोरांनी तिला खेकड्याचं नाव दिलं. कुर्लीने टाकी तपासली आणि शुद्ध मराठीत अहवाल वाचला, "इंधन शुद्ध. पाण्याचा इशारा नाही. संभाव्य कारण, चालकाची चूक."

झालं. यंत्राने सांगितलं म्हणजे ब्रह्मवाक्य. त्याच दिवशी चार वाजता मच्छीमार सोसायटीची सभा ठरली. सभेत आत्येला बोटीवरून उतरवून जाळी विणायच्या शेडमध्ये बसवणार, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

आते घराच्या मागच्या पडवीत हात धूत बसली होती. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती धूतच होती. मला तिचाही राग आला. तिने भांडायला हवं होतं.

"सकाळी निघण्याआधी गाळणीखालच्या वाटीची तोटी मी उघडलेली," ती एवढंच म्हणाली. "नुसतां तेल इलां. पाणी नव्हतां."

मी तरातरा आजोबांकडे गेले. आजोबा म्हणजे आत्येचे वडील. तीस वर्षं त्यांनी शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेत बोटींची इंधनं तपासली आहेत. आज आमच्या बोटी शैवालतेलावर चालतात (समुद्रातलं शेवाळ वाढवून त्यातून काढलेलं, डिझेलसारखं तेल). त्या तेलाच्या पहिल्या चाचण्या करणाऱ्यांत आजोबा होते. ते एक शब्द बोलले असते तरी सभा गप्प झाली असती.

"आजोबा, तू सांग तेंका. आतेची चूक नाय म्हणान सांग."

आजोबा शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "मी तिचो बापूस. बापाशीचां बोलणां म्हणजे पुरावो न्हय. आणि तिची चूक असली तर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या मुलीबद्दल असं कोणी बोलतं? मी त्यांना म्हटलं, तू पण त्यांच्यातलाच. ते यावर चिडले नाहीत. त्यांनी कपाटातून काचेच्या दोन बरण्या, एक लांब पारदर्शक नळी आणि मलमाची एक छोटी डबी काढली आणि चपला घातल्या. "रागाने पाणी दिसणां नाय," ते म्हणाले. "चल, बगूया."

बंदरापर्यंत मी त्यांच्या चार पावलं पुढेच चालले.

गजगौरी शेडखाली ओढून ठेवली होती आणि कुर्ली तिच्या शेजारी पाय मुडपून बसली होती. आजोबांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "नमुनो खयसून घेतलंस?"

"टाकीच्या तोंडातून, एक हात खोलीवरून," कुर्ली म्हणाली. "नियम अकरा. टाकीतून नमुना घ्यावा. टाकीचं तोंड सर्वांत सोयीचं आहे."

"नियम अकरा," आजोबा स्वतःशीच पुटपुटले. मग मला म्हणाले, "कालवणात तेलाचो तवंग खय असता?"

"वर." मी तुटकपणे म्हटलं. एवढं पहिलीतल्या पोरालाही कळतं.

तवंग वर असतो, कारण तेलाची घनता (ठरावीक मापात मावणारं वजन) पाण्यापेक्षा कमी असते. एक पेला तेल एक पेला पाण्यापेक्षा हलकं. म्हणजे टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी जाऊन बसणार आणि वरचं तेल चकचकीत दिसणार. कुर्लीने वरचं तेल तपासलं आणि टाकी शुद्ध ठरवली. हे म्हणजे पातेल्यावरचा तवंग चाखून आत मासे नाहीत असं सांगण्यासारखं आहे. मी कुर्लीला हे तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "नोंद घेतली." असल्या उत्तराने माणसाचा राग जातो की वाढतो, तुम्हीच सांगा.

टाकीच्या तळाला खरं तर पाणी काढायची एक तोटी होती. पण दर वर्षी नारळी पौर्णिमेआधी बोट रंगवतात, तेव्हा तिच्यावर रंगाचा एकेक थर चढत गेला होता. आता तिथे फक्त निळा उंचवटा उरला होता. मग आजोबांनी लांब नळी टाकीच्या तोंडातून थेट तळापर्यंत सोडली आणि हातपंपाने तळातलं ओढून बरणीत घेतलं. आम्ही बरणी फळीवर ठेवली आणि वाट पाहिली.

पाच मिनिटांत बरणीत तीन थर दिसू लागले. वर पिवळसर तेल आणि खाली गढूळ पाणी होतं, आणि दोघांच्या सीमेवर काळा, बुळबुळीत पापुद्रा.

"ह्यो काळो काय?" राग विसरून मी विचारलं.

ते सूक्ष्मजीव होते (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव). ते राहतात पाण्यात आणि खातात तेल, म्हणून दोघांच्या सीमेवर त्यांची वस्ती होते. त्यांच्या चिकट पापुद्र्याने गाळणी तुंबते. पाणीच नसेल तर ते जगूच शकत नाहीत. म्हणजे बुळबुळ दिसली की समजावं, पाणी इथे बऱ्याच दिवसांपासून मुक्कामाला आहे.

पण खाली दिसणारं खरंच पाणी आहे, हे कशावरून? आजोबांनी डबीतलं मातकट मलम एका लांब पट्टीच्या टोकाला फासलं. या मलमाला तेल लागलं तर काही होत नाही, पाणी लागलं तर ते लाल होतं. पट्टी तळाला टेकवून बाहेर काढली. टोकापासून दोन बोटं मलम लालभडक झालं होतं. तळाशी दोन बोटं पाणी उरलंच होतं, तेही आम्ही बरणीभर उपसल्यावर.

मला लगेच सभेकडे धावत सुटायचं होतं. आजोबांनी माझा दंड धरला. "पाणी गावलां. पण धक्क्यार इंजिन चललां आणि लाटांत नाय, तां कित्याक? तुझ्या आतेन तोटी उघडली, तेव्हा नुसतां तेल कित्याक इलां?"

मी टाकीत विजेरी मारून पाहिलं. इंजिनाला तेल नेणारी नळी तळापर्यंत जात नव्हती. तिचं तोंड तळापासून चार बोटं वर होतं, गाळ ओढला जाऊ नये म्हणून. बोट स्थिर असताना पाणी खाली झोपलेलं असतं आणि नळी वरचं तेल पिते. मुखाशी लाटांनी बोट घुसळली की तळातलं पाणीही घुसळतं, उसळतं आणि नळीच्या तोंडाशी येतं. इंजिन पाण्यावर चालत नाही, ते बंद पडतं. आत्येने तोटी उघडली ती गाळणीखालच्या वाटीची, आणि तेव्हा पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. आते खरं बोलत होती. मला ते आधीपासून माहीत होतं, पण माहीत असणं आणि दाखवता येणं यांत फार अंतर असतं.

"मग पाणी वाटीत इलां तेव्हा इशाऱ्याचो दिवो पेटाक होयो होतो," आजोबा म्हणाले. "तो कित्याक नाय पेटलो?"

त्या वाटीत दोन धातूच्या काड्या असतात. त्यांना संवेदक म्हणतात (एखादी गोष्ट जाणवली की कळवणारा भाग). तेल विजेचं वाहक नाही (वाहक म्हणजे ज्यातून वीज वाहते तो पदार्थ). पाणी, त्यातही असं मळकं पाणी, विजेला वाट देतं. म्हणून वाटीत पाणी साचलं की एका काडीतून दुसऱ्या काडीत वीज जाते आणि दिवा पेटतो. आम्ही संवेदक काढून खाडीच्या पाण्यात बुडवला. दिवा पेटला नाही. मग काड्या नीट पाहिल्या, तर त्यांच्यावर पिवळा, कडक लेप बसला होता. दोन महिने बोट बंद असताना तेल त्यांच्यावर वाळून डिंकासारखं चिकटलं होतं. मी तो लेप खरवडला आणि काड्या परत बुडवल्या. दिवा लगेच पेटला.

"इशारा नाही, असं मी बरोबर नोंदवलं होतं," कुर्ली म्हणाली.

"बरोबर नोंदवलंस," मी ओरडले, "पण ज्याचं तोंडच बांधलंय तो गप्प बसणारच. तो गप्प आहे म्हणजे पाणी नाही, हे तुला कोणी शिकवलं?"

उत्तर आजोबांनी दिलं.

"मी शिकवलंय." ते बोटीच्या फळीवर बसले. "अकरावो नियम माझो. वीस वर्सांपूर्वी मीच लिवलंय. 'टाकीतून नमुना घ्यावा.' 'तळातून' हो शब्द घालूक होयो होतो. तेव्हाच्या तपासनिसांका तां ठाऊक होतां, म्हणान लिवलंय नाय. ह्या मशिनाक कोण सांगतलो? आणि दिवो जितो आसा काय मेलो, तां आधी बगूचा, तांय लिवलंय नाय."

तर असं होतं. माझ्या आत्येला ज्या नियमाने बुडवलं, तो तिच्या बापानेच लिहिला होता. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "ह्यां तू सभेत सांगशीत?"

ते म्हणाले, "आधी पाणी इलां खयसून, तां शोधूया. अर्धो पुरावो घेवन गेलंव तर तिचांच नुकसान."

टाकीच्या झाकणाची रबरी कडी शाबूत होती. बोट पावसाळाभर पत्र्याच्या शेडखाली होती, म्हणजे पाऊस नाही. मग समुद्राचं पाणी? आजोबांनी बरणीच्या तळातलं थोडं पाणी नळीने घेतलं. तेलापासून लांब, चहाच्या टपरीवर आम्ही पत्र्याच्या झाकणावर त्याचे दोन थेंब टाकले आणि शेजारी खाडीच्या पाण्याचे दोन थेंब. झाकण शेगडीवर तापवलं. खाडीचे थेंब आटले, तिथे मिठाचा पांढरा डाग उरला. टाकीतल्या पाण्याच्या जागी जरासा तेलकट डाग होता, मीठ नव्हतं. म्हणजे समुद्रही नाही.

आता उरली टाकीची हवानळी. तेल कमी-जास्त झालं की हवा आत-बाहेर जाण्यासाठी प्रत्येक टाकीला अशी बारीक नळी असते. तिच्यातून टाकी श्वास घेते. दिवसा शेडचा पत्रा तापतो, टाकीतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री गारवा येतो, आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. पावसाळ्यातली आमची हवा म्हणजे न पिळलेलं फडकं, तिच्यात वाफ भरलेली असते. ती टाकीच्या गार भिंतीला लागली की तिचं पाणी होतं. याला संघनन म्हणतात (हवेतल्या वाफेचं पुन्हा पाणी होणं). फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसा टाकीला आतून घाम सुटतो. थेंब भिंतीवरून ओघळतात आणि जड म्हणून तेलाखाली जाऊन बसतात. वर तेलाचं पांघरूण असतं, त्यामुळे परत उडूनही जात नाहीत.

"पण टाकी भरलेली असली तर आत हवाच नाही," मी म्हटलं. "मग घाम कुठून सुटणार?"

"बरोबर. मगे ही रिती कित्याक होती?"

त्याचं उत्तर बंदरातलं शेंबडं पोरही देईल. पूर्वी मिरगाआधी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, बोटी किनाऱ्यावर घ्यायच्या, तेव्हा सगळी वाडी दोर धरून ओढायची. बोट हलकी लागावी म्हणून टाकी रिती करायची पद्धत पडली. आता पंधरा वर्षं झाली, विजेचा रहाट बोट ओढतो. त्याला टाकी भरलीय की रिकामी, काही फरक पडत नाही. तरी दर वर्षी तांडेल हुकूम सोडतात, "टाकी रिती करा." आणि रिती म्हणजे तरी काय? पंप त्याच नळीतून तेल ओढतो, जिचं तोंड चार बोटं वर आहे. तळातलं पाणी कधी निघतच नाही. आजोबांनी हिशेब केला. एका पावसाळ्यात टाकीला घाम सुटून जेमतेम अर्धा पेला पाणी जमतं, त्याने काही बिघडत नाही. पण गजगौरीची टाकी नऊ वर्षांची. नऊ पावसाळे मिळून साडेचार पेले, टाकीच्या निमुळत्या तळाशी साचलेले, आणि एकदाही काढलेले नाहीत.

सभेत आम्ही बरण्या घेऊन गेलो. मी बोलायला लागले तर कोणीतरी म्हणालं, "चेडवाक कित्याक हाडलास?" पोरीला सभेत कशाला आणलं म्हणे! मी थांबले नाही. बरणीत तेल आणि पाणी होतंच. मी नळीचं टोक पाण्याच्या वर धरून हातपंप मारला, तेल आलं. मग बरणी गदागदा हलवली आणि पुन्हा पंप मारला. नळीतून पाणी आलं. मागे बसलेली माणसं उठून पुढे आली आणि वाकून बरणी पाहू लागली.

"आणि दिवो?" विसाजीकाकांनी विचारलं.

मी दुसऱ्या बोटीचा लेप चढलेला संवेदक आणला होता. तो मी पाण्यात घातला, दिवा पेटला नाही. खरवडून घातला, पेटला.

तेव्हा आजोबा उठले. सगळ्या गावात त्यांचा मान आहे, पोरांची नावं ठेवायलाही लोक त्यांना विचारतात. ते म्हणाले, "तपासणीचो नियम माझो. तो अपुरो आसा. मशिनान तो पाळलो, म्हणान तेणां चुकीचां सांगितलां. बाबीचो हात मोडलो, तेच्यात माझो वाटो आसा." मग ते खाली बसले. माझा राग गेला नाही, पण मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

आते दाराशी उभी होती. दिवसभरात ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "पंप मीच लावलंय, सहा वर्सां. रिती कित्याक करूची, म्हणान कोणाक इचारलंय नाय. ती माझी चूक. पण माका उतरवतास तर नियमवाल्याक, मशिनाक आणि हुकूम सोडणाऱ्या तांडेलाकय उतरवा. नायतर उद्या बत्तीस टाक्यांचो तळ काडूया."

विसाजीकाकांनी माफी मागितली नाही. ती त्यांनी मागायला हवी होती असं मला आजही वाटतं. ते उठले, कोपऱ्यातली छिन्नी घेतली आणि शेडकडे निघाले. थोड्या वेळाने गजगौरीच्या टाकीवरचे निळे थर ठोकून काढल्याचा आवाज येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी बत्तीसांपैकी एकोणीस टाक्यांत पाणी निघालं. आजोबांनी नवा अकरावा नियम लिहिला, मी तो वाचून पाहिला आणि दोन शब्द बदलायला लावले. बंदराने ठरवलं, पुढच्या मिरगाआधी टाक्या गळ्यापर्यंत भरून ठेवायच्या. कोणी सांगावं, आमच्यानंतर आणखी किती बंदरं तसं करतील.

चौथ्या दिवशी ओहोटी लागता लागता बोटी निघायच्या होत्या. कुर्ली एकेक बोट तपासत आली आणि गजगौरीपाशी थांबली. तिने संवेदक पाण्याच्या पेल्यात बुडवून पाहिला. काड्या आम्ही खरवडल्या होत्या, पण परत बसवताना तार कुठेतरी सैल राहिली असावी. मग ती जे म्हणाली ते या बंदरात कोणत्याच यंत्राने आजवर म्हटलं नव्हतं.

"दिवा पेटत नाही. टाकीत पाणी आहे की नाही, मला माहीत नाही."

मागच्या बोटीवरून कोणीतरी ओरडलं, वेळ जाता, सोड तां. विसाजीकाकांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी दोर पुन्हा खुंटाला बांधला, वाकून तळाच्या तोटीचा पाना उचलला आणि माझ्या आत्येच्या हातात दिला.